फॅशन डिझाइनच्या खासगी कॉलेजात प्रवेश घेताय? डिग्री नेमकी कोण देणार, ते आधी विचारा

सोलापूर : बारावीचा निकाल लागला की चार दिवसांत घरच्या मोबाइलवर फोन सुरू होतात. "काका, अभिनंदन! तुमच्या मुलीचं आमच्या कॉलेजात सिलेक्शन झालंय." मुलीनं अर्जच केलेला नसतो, मग सिलेक्शन कशाचं झालं हे कुणी विचारत नाही. नंबर त्यांच्याकडे कसा गेला याचं उत्तर सोपं असतं. बारावीच्या वर्षात ज्युनिअर कॉलेजात 'करिअर मार्गदर्शन'चा कार्यक्रम होतो, एक कागद फिरतो, पोरं नाव आणि घरचा नंबर लिहून देतात. फोनवरची ताई गोड बोलते. फीमध्ये चाळीस टक्के सूट आहे, पण रविवारपर्यंतच. आज दहा हजार भरून सीट बुक करा, बाकीचं नंतर बघू.

गावाकडच्या पोरींमध्ये फॅशन डिझाइनची आवड वाढली आहे, आणि ती उगाच नाही. आरी वर्कचे ब्लाउज, लग्नाचे घागरे, मोबाइलवर दिसणारे डिझाइनचे व्हिडिओ हे सगळं आता बार्शी-करमाळ्यापासून अक्कलकोटपर्यंत पोचलं आहे. सोलापूर तर कापडाचंच गाव. १८७७ साली इथं जुनी गिरणी उभी राहिली. गिरण्या गेल्या, पण चादर आणि टॉवेल राहिले, आणि आता शाळेच्या गणवेशाचा धंदा इथं जोरात आहे. त्यामुळे पोरीनं "मला फॅशन डिझाइनला जायचंय" म्हटलं तर ते खूळ म्हणून उडवून लावण्यासारखं नाही. अडचण शिक्षणाची नाही. हे शिकवणाऱ्या खासगी संस्थांच्या पाट्या बाहेरून सारख्याच दिसतात, आत मात्र जमीन-अस्मानाचा फरक असतो, ही खरी अडचण आहे.

आधी हे शिक्षण काय आहे ते बघू

फॅशन डिझाइन म्हणजे नुसतं शिवणकाम नव्हे, आणि नुसती चित्रं काढणंही नव्हे. दुकानात टांगलेला एखादा शर्ट घ्या. त्याचं कापड किती जाड, कॉलर कशी, खिसा कुठं, हे कुणीतरी ठरवलेलं असतं. मग त्याचा कागदी फर्मा निघतो. फर्म्यावरून आधी मांजरपाटात नमुना शिवतात, अंगावर घालून बघतात, काखेत ओढतंय का, खांदा उतरतोय का ते तपासतात. मग चांगल्या कापडात एक पीस होतो. तो पास झाला की एका मापाच्या फर्म्यावरून लहान-मोठ्या सगळ्या साइझ काढायच्या, याला ग्रेडिंग म्हणतात. त्यानंतर कापडावर फर्मे असे मांडायचे की चिंधी कमीत कमी पडेल. एका शर्टामागं पाच सेंटिमीटर कापड वाचलं तर हजार शर्टांमागं पन्नास मीटर वाचतं. कारखानदाराचा नफा तिथंच असतो. म्हणून तिथं चांगल्या कटिंग मास्टरला मान असतो.

चांगल्या कॉलेजात हे सगळं हातानं करून घेतात. धागा आणि कापड ओळखायला शिकवतात, चित्र काढायला शिकवतात, फर्मा काढायला, पुतळ्यावर कापड गुंडाळून आकार द्यायला, ओव्हरलॉक आणि पॉवर मशीन चालवायला शिकवतात. हल्ली फर्मा कॉम्प्युटरवरही काढतात, तेही असतं. शेवटी एका कपड्याला खर्च किती आला आणि तो किती रुपयांना विकायचा याचा हिशोब. मुलगी स्वतःच्या कामाची एक फाइल तयार करते, तिला पोर्टफोलिओ म्हणतात. नोकरी देणारा मार्कशीटच्या आधी ही फाइल बघतो.

आणि कमकुवत कॉलेजात? वर्षातून एकदा झगमगाटात फॅशन शो होतो, त्याचे फोटो माहितीपत्रकावर येतात, आणि दुसऱ्या वर्षाच्या पोरीला साधा बाहीचा फर्मा काढता येत नाही.

डिग्री, डिप्लोमा आणि संस्थेचा कागद

सगळ्यात जास्त फसगत इथं होते, म्हणून हे जरा सावकाश वाचा.

'डिग्री' हा शब्द कुणीही वापरावा असा नाही. यूजीसीच्या १९५६ च्या कायद्याप्रमाणे पदवी फक्त विद्यापीठ देऊ शकतं. ते विद्यापीठ केंद्राच्या किंवा राज्याच्या कायद्यानं झालेलं हवं, नाहीतर अभिमत हवं, किंवा संसदेनं कायदा करून त्या संस्थेला खास अधिकार दिलेला हवा. दिल्लीला १९८६ साली सुरू झालेल्या 'निफ्ट'ला स्वतःची पदवी देण्याचा अधिकार मिळाला तो २००६ च्या कायद्यानं. सरकारी संस्थेलासुद्धा पदवी देण्यासाठी कायदा लागला, मग शहरातल्या कॉम्प्लेक्सच्या तिसऱ्या मजल्यावरची संस्था स्वतःच्या नावानं पदवी कशी देईल?

खासगी कॉलेजांमध्ये रीतसर पदवी देणारी आहेतच. पुण्यात सिम्बायोसिस हे अभिमत विद्यापीठ आहे, त्यांची डिझाइनची संस्था विमाननगरला आहे. लोणी काळभोरला एमआयटी-एडीटी हे राज्याच्या कायद्यानं झालेलं खासगी विद्यापीठ आहे, तिथंही डिझाइन शिकवतात. या दोन्ही ठिकाणच्या पदवीला कायद्याचा आधार आहे. फी आपल्या आवाक्यातली आहे का, हा प्रश्न वेगळा. याशिवाय सोलापूर विद्यापीठ, पुणे विद्यापीठ, एसएनडीटी अशा सरकारी विद्यापीठांशी संलग्न खासगी कॉलेजं असतात. त्यांची पदवीही विद्यापीठाचीच असते.

दुसरा कागद डिप्लोमाचा. दहावीनंतर तीन वर्षांचा तंत्रनिकेतनाचा डिप्लोमा असेल तर परीक्षा राज्याचं तंत्रशिक्षण मंडळ, म्हणजे एमएसबीटीई घेतं. प्रमाणपत्रावर मंडळाचं नाव असतं. कमी मुदतीचे कोर्स राज्याच्या कौशल्य व व्यवसाय शिक्षण मंडळाचेही असतात.

तिसरा कागद नुसता त्या संस्थेचा. त्यावर 'ॲडव्हान्स डिप्लोमा', 'इंटरनॅशनल सर्टिफिकेशन' असं काहीही छापलेलं असू शकतं. असा कोर्स चालवणं गुन्हा नाही. शिकवणारे चांगले असतील तर पोरीच्या हाताला काम येतं आणि बाजारात ती पोट भरू शकते. पण सरकारच्या लेखी ती बारावी पासच राहते. पुढं तिला तलाठी, पीएसआय किंवा एमपीएससीची दुसरी एखादी परीक्षा द्यावीशी वाटली तर तिथं मान्यताप्राप्त विद्यापीठाची पदवी मागतात. तीन वर्षं गेली, फी गेली, आणि अर्जात शिक्षणाच्या रकान्यात 'बारावी' लिहायची वेळ आली, असं व्हायला नको.

यात आणखी एक चौथी जात आहे आणि ती फार फसवी आहे. कॉलेज पुण्यात किंवा सोलापुरात, पण 'डिग्री' दुसऱ्या राज्यातल्या कुठल्यातरी विद्यापीठाची. रोजचे वर्ग इथं, परीक्षेचा पत्ता नाही, आणि मार्कशीट कुरिअरनं येते. राज्याच्या कायद्यानं झालेल्या खासगी विद्यापीठाला आपल्या राज्याबाहेर असं कॉलेज चालवायला देता येत नाही. दूरशिक्षणातसुद्धा फ्रँचायझी देण्याला यूजीसीची बंदी आहे. दूरशिक्षणानं पदवी घ्यायची असेल तर विद्यापीठाला त्या कोर्ससाठी यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाची मान्यता लागते, आणि विद्यार्थ्याला स्वतःचा डीईबी आयडी काढावा लागतो. कॉलेजवाला "ते आम्ही बघतो, तुम्ही फक्त ओटीपी सांगा" म्हणत असेल तर तिथंच थांबा.

हे नुसतं घाबरवण्यासाठी नाही. छत्तीसगड राज्यानं २००२ मध्ये कायदा करून शंभरावर खासगी विद्यापीठांना परवानगी दिली होती. काहींकडे धड इमारतही नव्हती. यूजीसीचे माजी अध्यक्ष प्रा. यशपाल कोर्टात गेले आणि फेब्रुवारी २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्या कायद्यातली ती कलमंच रद्द केली. एका निकालात ती विद्यापीठं गेली.

पावती बघा, बँकेला विचारा

आता हे तपासायचं कसं? कॉलेजच्या माहितीपत्रकात सगळंच 'मान्यताप्राप्त' असतं. तेव्हा एकच प्रश्न विचारा आणि उत्तर व्हॉट्सअॅपवर लेखी मागा : "शेवटच्या वर्षाच्या मार्कशीटवर कुठल्या विद्यापीठाचं किंवा मंडळाचं नाव असेल?" मागच्या वर्षी पास झालेल्या एखाद्या मुलीच्या मार्कशीटचा फोटो मागा, नाव झाकून दिला तरी चालेल. मग त्या विद्यापीठाच्या स्वतःच्या वेबसाइटवर संलग्न कॉलेजांच्या यादीत हे कॉलेज आहे का आणि हाच कोर्स आहे का ते बघा. कॉलेज यादीत असतं, पण फॅशनचा कोर्स त्या मान्यतेत नसतो, असंही होतं. फोन करायचा तर विद्यापीठाच्या वेबसाइटवरच्या नंबरवर करा, माहितीपत्रकावरच्या नंबरवर नको. बोगस विद्यापीठांची यादी यूजीसी आपल्या वेबसाइटवर टाकतं, तीही मोबाइलवर उघडते.

आणखी दोन खुणा आहेत, त्या कुणी सहसा सांगत नाही. एक म्हणजे जीएसटी. कायद्यानं मान्य असलेल्या पदवी-डिप्लोमाच्या फीवर जीएसटी लागत नाही. पावतीवर किंवा कोटेशनवर अठरा टक्के जीएसटी दिसला, तर तो कोर्स मान्यताप्राप्त नाही हे बहुतेक वेळा कॉलेजनं स्वतःच लिहून दिलेलं असतं. लाखाच्या फीवर हे अठरा हजार रुपये होतात. मात्र जीएसटी नाही म्हणजे कोर्स पक्का, असा उलटा अर्थ काढू नका. काही ठिकाणी पावतीच कच्ची असते. पावती कुणाच्या नावाची आहे तेही वाचा. पाटी मोठ्या नावाची असते, पण ते नाव फ्रँचायझीनं घेतलेलं असतं. इमारत, शिक्षक आणि बँक खातं एखाद्या स्थानिक माणसाचं. उद्या ती शाखा बंद पडली तर मोठं नाव हात वर करतं.

दुसरी खूण बँक. गावातल्या किंवा तालुक्याच्या सरकारी बँकेत जाऊन मॅनेजरला विचारा, "या कॉलेजच्या या कोर्सला शैक्षणिक कर्ज देता का?" कर्ज घ्यायचं नसलं तरी विचारा. बँका मान्यताप्राप्त कोर्सलाच या योजनेत कर्ज देतात, त्यामुळे ही फुकटची चौकशी होते. साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला जमीन तारण मागू नये असा नियम आहे. बापाचं पीककर्ज थकलेलं असलं की मात्र गाडी अडते, हे सगळ्यांना माहीत आहे.

कॉलेज स्वतःच "बँकेची भानगड नको, आमच्याकडे हप्ते आहेत" म्हणत असेल तर हप्ते कोण घेणार ते विचारा. पुष्कळदा हे हप्ते म्हणजे एखाद्या फायनान्स कंपनीचं तुमच्या नावावरचं कर्ज असतं. आधार, पॅन, दोन ओटीपी, आणि कंपनी कॉलेजला एकरकमी पैसे देऊन मोकळी होते. पोरगी दोन महिन्यांत घरी परत आली तरी हप्ता तुमच्या खात्यातून जातच राहतो. न भरावं तर सिबिल खराब होतं आणि पुढच्या हंगामात पीककर्जाला बँक नाही म्हणते.

खर्चाची बेरीज

कॉलेज सांगतं ती फक्त शिकवण्याची फी. समजा ती वर्षाला एक लाख आहे आणि कोर्स तीन वर्षांचा. तीन लाख झाले. सोयाबीनचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये आहे. हमीभाव पदरात पडला असं धरलं तरी नुसत्या फीसाठी छप्पन्न क्विंटलच्या वर सोयाबीन घालावं लागतं, आणि त्यात बी, खत, काढणीचा खर्च धरलेलाच नाही. कांदेवाल्यानं तर हिशोबच करू नये, त्याला हमीभाव नाही.

फीच्या वर खरा खर्च सुरू होतो. होस्टेल आणि मेस आहेच. या शिक्षणात त्याशिवाय दर महिन्याला कापड लागतं, रंग, कागद, कात्र्या, मांजरपाटाचे तागे, प्रिंटआउट. लॅपटॉप साधा चालत नाही. शेवटच्या वर्षी स्वतःचं कलेक्शन करायचं असतं, त्याचं कापड, भरतकाम, मॉडेल, फोटो हा खर्च मुलीचाच असतो. "शोमध्ये भाग घेण्याची फी" ही वेगळी निघते. म्हणून प्रवेशाआधी दुसऱ्या किंवा तिसऱ्या वर्षाच्या मुलीशी बोला आणि "वरखर्च किती येतो ताई?" एवढंच विचारा. काउन्सेलरपेक्षा खरा आकडा तिथं कळेल.

कर्ज काढलं तर तेही मोजून ठेवा. पाच लाखांचं कर्ज, दहा टक्के व्याज, सात वर्षं मुदत धरली तर महिन्याचा हप्ता सुमारे ८,३०० रुपये बसतो. एकूण परतफेड सात लाखांच्या घरात जाते. शिकत असताना चढलेलं व्याज वेगळं. या क्षेत्रात पहिल्या नोकरीचा पगार मोठा नसतो. पुण्या-मुंबईची खोली आणि हा हप्ता त्या पगारातून निघेल का, हे कागदावर लिहून बघायला हवं.

मुलींची फी माफ झाली ना? झाली, पण सगळीकडे नाही

८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं व्यावसायिक शिक्षण घेणाऱ्या मुलींची शिक्षण आणि परीक्षा फी शंभर टक्के माफ झाली. आर्थिक दुर्बल घटक, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, ज्यांच्या घरचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत आहे अशा मुलींसाठी ही योजना आहे. पण प्रवेश शासनाच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे कॅप राउंडमधून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातला प्रवेश त्यात बसत नाही. अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित खासगी विद्यापीठं योजनेतून वगळलेली आहेत. नुसता संस्थेचा कागद देणाऱ्या कोर्सचा तर प्रश्नच येत नाही. फोनवर कुणी "मुलींना सगळं फ्री आहे, आधी तुम्ही भरा, नंतर सरकार परत देईल" म्हणालं, तर महाडीबीटी पोर्टलवर त्या कॉलेजचं आणि कोर्सचं नाव दिसतं का, ते आधी बघा. अनुसूचित जाती-जमातीच्या मुलामुलींच्या शिष्यवृत्तीचं कामही त्याच पोर्टलवरून चालतं.

कॉलेज देतं ती 'चाळीस टक्के स्कॉलरशिप' म्हणजे शिष्यवृत्ती नव्हे. तो बाजारातला डिस्काउंट झाला. आधी भाव चढवायचा, मग सूट द्यायची.

प्रत्यक्ष जाऊन काय बघायचं

एक दिवस काढा आणि मुलीला घेऊन जा. शनिवार-रविवारी नको, वर्ग चालू असताना जा. ऑफिसात चहा घेऊन परत येऊ नका, मशीनच्या खोलीत जा. पॉवर मशीन किती आणि एका वर्गात मुली किती? मशीनवर धूळ आहे का तेलाचे डाग, एवढ्यावरूनही कळतं. कटिंगचं टेबल आहे का? टेबलाखाली चिंध्या दिसल्या तर चांगलं लक्षण समजा. पुतळे सोडलेले आहेत की प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेले? शिकवणाऱ्यांपैकी कुणी कारखान्यात काम केलेलं आहे का? शिक्षक दर सहा महिन्यांनी बदलतात का, हे मुलींना विचारा.

'१०० टक्के प्लेसमेंट असिस्टन्स' हा शब्द नीट वाचा. असिस्टन्स म्हणजे मदत. नोकरीची हमी त्यात कुठंच नसते. कंपन्यांचे लोगो भिंतीवर कुणीही चिकटवतं. मागच्या वर्षी पास झालेल्यांपैकी दहा मुली आज कुठं आहेत, एवढं विचारा. त्यातल्या दोघींशी बोलणं झालं तर उत्तमच.

भाषेचं राहू नये. मराठी माध्यमातून गेलेल्या पोरीला पहिले सहा महिने इंग्रजीत बोलणाऱ्या वर्गात जड जातं. फर्मा चांगला काढणारी मुलगी नुसती 'प्रेझेंटेशन' इंग्रजीत म्हणून मागं पडते आणि घरी सांगत नाही. वर्गात मराठी-हिंदीत समजावून देतात का, हे विचारण्यात कमीपणा नाही.

पैसे अडकले तर

विद्यापीठ किंवा संलग्न कॉलेज असेल तर यूजीसीचा २०१८ चा फी परताव्याचा नियम आहे. प्रवेशाच्या जाहीर केलेल्या शेवटच्या तारखेच्या पंधरा दिवस किंवा त्याहून आधी प्रवेश रद्द केला तर थोडी प्रक्रिया फी कापून सगळी रक्कम परत मिळते. पुढं दिवस जातील तशी कपात वाढते आणि त्या तारखेनंतर तीस दिवस उलटले की काहीच मिळत नाही. याच नियमात मूळ कागदपत्रं कॉलेजनं ठेवून घेऊ नयेत, तपासून लगेच परत द्यावीत, असं स्पष्ट लिहिलं आहे. टीसी, मार्कशीट अडकवून "आधी तीन वर्षांची फी भरा" म्हणणं या नियमात बसत नाही.

पण कुठल्याच विद्यापीठाशी संबंध नसलेल्या संस्थेला यूजीसीचा नियम लागू होत नाही. तिथं तुम्ही सही केलेला फॉर्म हाच कागद. त्याच्या मागं बारीक अक्षरात 'फी कोणत्याही परिस्थितीत परत मिळणार नाही' असं असतं. सही करण्याआधी त्याचा फोटो काढा आणि गावात कुणी इंग्रजी जाणणारं असेल त्याला वाचायला द्या. 'सीट बुकिंग'चे दहा हजारही याच वाटेनं जातात.

कमी पैशातले रस्ते

आयटीआयमध्ये शिवणकाम, ड्रेस मेकिंग आणि फॅशन डिझाइन अँड टेक्नॉलॉजी असे एक वर्षाचे ट्रेड आहेत. फी नाममात्र, आणि प्रमाणपत्र देशभर चालतं. "आयटीआय म्हणजे फिटर-वेल्डर" हा समज सोडायला हवा. तंत्रनिकेतनात ड्रेस डिझायनिंग अँड गारमेंट मॅन्युफॅक्चरिंग हा डिप्लोमा आहे. लातूर, यवतमाळ, तासगावला मुलींची शासकीय निवासी तंत्रनिकेतनं आहेत. यंदा हा कोर्स कुठं कुठं आहे ते तंत्रशिक्षण संचालनालयाच्या प्रवेश पोर्टलवर बघून घ्या.

शहरातली एखादी खासगी संस्था शिकवायला खरंच चांगली आहे, पण कागद तिचाच आहे, असं असेल तर सोबत यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून बीए किंवा बीकॉम करता येतं. अभ्यासकेंद्रं तालुक्याला आहेत, फी परवडते, आणि पदवी पक्की. हात संस्थेत तयार होतो आणि पदवी नाशिकच्या विद्यापीठाची मिळते.

आणि मुलीच्या मनात गावात किंवा तालुक्यात बुटीक टाकायचं असेल, तर तीन वर्षांच्या महागड्या कोर्सची गरज आहे का, हे तिच्याशीच मोकळेपणानं बोला. ब्लाउज-ड्रेसची कटिंग, आरी वर्क, आणि गिऱ्हाइकाला वेळेत कपडा देण्याची शिस्त यावर बुटीक चालतं. लग्नसराईत आरीचे ब्लाउज हाताला पुरत नाहीत. तीन लाखांच्या फीत पॉवर मशीन, ओव्हरलॉक, आरीची फ्रेम आणि दुकानाचं डिपॉझिट होऊन हातात भांडवल उरतं. शिवणकाम करणाऱ्यांना पीएम विश्वकर्मा योजनेत प्रशिक्षण, पंधरा हजारांचं साहित्य आणि पाच टक्के व्याजानं पहिलं एक लाखाचं कर्ज आहे. बारामतीच्या टेक्स्टाइल पार्कात काम करणाऱ्या बहुतेक बायकाच आहेत. सोलापुरातल्या गणवेशाच्या कारखान्यांना कटिंग, फर्मा आणि तपासणी येणारी माणसं लागतात. डिझायनरच्या खुर्च्या कुठल्याही कारखान्यात एक-दोनच असतात. फर्मा, सँपल, क्वालिटी, खरेदी-विक्री यातलं काम जास्त असतं.

मुलगी चित्रात हुशार असेल आणि मोठ्या ठिकाणी जायची जिद्द असेल, तर निफ्टची परीक्षा द्यायला हवी. मुंबईचं केंद्र खारघरला आहे. बी.डिझाइनला कुठल्याही शाखेची बारावी चालते. लेखी परीक्षेत चित्र-कल्पकतेचा एक पेपर आणि सामान्य क्षमतेचा दुसरा असतो, तो इंग्रजी आणि हिंदीत येतो. त्यात पास झालं की दिलेल्या साहित्यातून समोर बसून वस्तू बनवायची परीक्षा असते. निफ्ट सरकारी असली तरी स्वस्त नाही, फी लाखांत जाते, पण कमी उत्पन्नाच्या घरांसाठी तिथं सवलत आहे आणि बँक कर्ज द्यायला कां कू करत नाही. आयआयटी मुंबई घेते ती यूसीड परीक्षा आणि अहमदाबादच्या एनआयडीची परीक्षा हेही रस्ते आहेत. राज्याचा सीईटी कक्षही बी.डिझाइनसाठी परीक्षा घेतो.

या परीक्षांची गोष्ट गावात उशिरा कळते. बारावीच्या निकालापर्यंत थांबलं तर यातल्या बहुतेकांचे दरवाजे बंद झालेले असतात. यूसीडचे आणि एनआयडीचे अर्ज बारावीच्या वर्षात दिवाळीच्या आगेमागे निघतात, निफ्टचे हिवाळ्यात, आणि पहिल्या टप्प्याच्या लेखी परीक्षा साधारण डिसेंबर ते फेब्रुवारीत उरकतात. अर्ज भरायला दहावीची मार्कशीट, आधार, जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर लागतं. सेतू केंद्रात दाखल्याला किती दिवस लागतात ते सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून तो अर्ज गणपतीच्या आधीच टाकलेला बरा.